शून्य लिहिणे आणि काहीच न लिहिणे



गेल्या अंकात आपल्या गुरुवारच्या दवाखान्याचा वर्षभराचा तक्ता छापला होता. तो वाचून काही मंडळ्यांतून फोन आले. रुग्ण वाढले म्हणजे काम वाढले, असे समजून तुम्ही आनंद व्यक्त केलात. तुमच्या प्रेमाबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण त्या तक्त्यामुळेच मला हा लेख लिहावासा वाटला. आजाऱ्यांची संख्या कशासाठी लिहायची, कोणाला कळवायची आणि कळवली नाही तर काय होते, हे मला वर्गात कोणी शिकवले नव्हते. एका पावसाळ्यात ते शिकायला मिळाले, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. अक्राणी तालुक्यातला एक पाडा, नाव देत नाही. तीसेक घरे, डोंगराच्या तीन सोंडांवर विखुरलेली. पावसाळ्यात जीप अलीकडच्या नाल्यापर्यंतच जाते, पुढे तासभर पायी. पिण्याचे पाणी खालच्या झऱ्याचे. भोवती दगड रचून त्याची लहानशी विहीर केलेली. श्रावणातल्या एका गुरुवारी त्या पाड्याची तीन लहान मुले जुलाबासाठी आमच्याकडे आली. आमच्या नर्सबाईंनी ओआरएसची पाकिटे आणि झिंकच्या गोळ्या दिल्या, आयांना पाणी उकळून प्यायला सांगितले, रजिस्टरात नावे लिहिली. पावसाळ्यात जुलाब असतातच.

पुढच्या गुरुवारी त्याच पाड्याचे सात जण आले. त्यांत साठीचे एक आजोबा होते. दोघांनी त्यांना बांबूच्या झोळीत घालून आणले होते. डोळे खोल गेलेले, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. आम्ही सलाईन लावले. संध्याकाळी ते उठून बसले आणि त्यांनी विडी मागितली. त्या रात्री केंद्रात आम्ही प्रभूचे आभार मानले आणि झोपलो.

त्यानंतरच्या मंगळवारी त्या पाड्यावर चार वर्षांची एक मुलगी गेली. बुधवारी एक म्हातारी बाई गेली. दोघीही आमच्याकडे आल्या नव्हत्या. नाल्याला पूर होता. त्या गुरुवारी आमचा दवाखानाही भरला नाही.

रविवारी प्राथमिक आरोग्य केंद्राचे पथक पाड्यावर पोचले. बाजारात कोणीतरी बोलले, ते कानोकानी त्यांच्यापर्यंत गेले होते. त्यांनी झऱ्यात टीसीएल पावडर टाकली, घरोघर फिरून आणखी अकरा आजारी शोधून काढले, शौचाचे नमुने घेतले. त्यानंतर पाड्यावर कोणी दगावले नाही. परतताना पथकातले वैद्यकीय अधिकारी आमच्या केंद्रावर चहाला थांबले. तरुण मुलगा, पायजम्याला गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांनी सहज विचारले, "ताई, पहिला पेशंट केव्हाचा असेल, काही अंदाज?"

नर्सबाईंनी रजिस्टर उघडून बोट ठेवले. सतरा दिवसांपूर्वीची तारीख होती.

ते रागावले नाहीत. त्यांच्या पिशवीत आधीच्या दोन आठवड्यांच्या फॉर्मच्या प्रती होत्या, त्या त्यांनी टेबलावर ठेवल्या. त्या उपकेंद्रासमोर जुलाबाच्या रकान्यात पहिल्या आठवड्यात शून्य, दुसऱ्या आठवड्यातही शून्य. आमच्या रजिस्टरात दहा.

"एक फोन केला असता तरी चाललं असतं," एवढेच म्हणाले.

का केला नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे. पहिले कारण साधे आहे. आम्हाला कोणी विचारले नव्हते. क्षयरुग्णांची नावे आम्ही नियमाने कळवत होतो, कारण मे 2012 पासून प्रत्येक दवाखान्याला, तो खासगी असो की धर्मादाय, क्षयरुग्णाची नोंद सरकारला देणे बंधनकारक आहे. जुलाबाबद्दल आमच्याकडे कोणाचे पत्र आलेले नव्हते. दुसरे कारण असे की सरकारी माणूस आला की कागद मागितले जातात, आणि आपण मिशनची माणसे आधीच जरा बिचकून असतो. तिसरे कारण सांगायला सर्वांत जड जाते. हे आपले रुग्ण आहेत, आपण त्यांना बरे करू, असे मनात कुठेतरी होते. झोळीतून आलेल्या त्या आजोबांची हकिकत मी या पत्रकासाठी टिपूनसुद्धा ठेवली होती.

ती हकिकत छापली नाही. त्यानंतर मात्र आरोग्य खात्याची ही नोंदव्यवस्था कशी चालते, याचा मी जमेल तसा अभ्यास केला. तरुण संघात आणि महिला मंडळात हा विषय घेता यावा म्हणून तो इथे मांडत आहे.

सुरुवात 1994 पासून करायला हवी. त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले, आणि सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. मी तेव्हा शाळेत होते. सुरतेहून ताप्ती लाइनने येणाऱ्या गाड्यांतून तोंडाला रुमाल बांधलेली माणसे उतरत होती, हे मला चांगले आठवते. आपल्या भागातली कितीतरी कुटुंबे तिकडे मजुरीला होती. लाखो लोकांनी शहर सोडले. साथ संपली तेव्हा देशभरात 876 संशयित रुग्ण आणि 54 मृत्यू अशी नोंद होती. आकडा पळापळीच्या मानाने लहान वाटेल. पण रोग नेमका कुठे आहे, किती आहे, कोणत्या गावात नाही, हे खात्रीने सांगू शकेल अशी यंत्रणाच देशाकडे नव्हती, आणि माहिती नसली की अफवेला मोकळे रान मिळते. त्या धड्यानंतर 1997-98 मध्ये काही जिल्ह्यांत साथरोग सर्वेक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. नोव्हेंबर 2004 मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प आला. आज तो राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा भाग आहे.

हा प्रकल्प नवा असतानाच त्याची परीक्षा आपल्या जिल्ह्यात झाली, हे नवापूरच्या मंडळीतील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. फेब्रुवारी 2006 मध्ये तिथल्या पोल्ट्री फार्मवर कोंबड्या मरू लागल्या. आधी त्या राणीखेत रोगाने मरत आहेत असाच समज होता. 18 फेब्रुवारीला भोपाळच्या प्रयोगशाळेच्या तपासणीवरून बर्ड फ्लू जाहीर झाला. भारतातला तो पहिलाच. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. आरोग्य कर्मचारी घरोघर तापाचे रुग्ण शोधत फिरले, माणसांचेही नमुने तपासले गेले आणि एकालाही लागण झालेली आढळली नाही. "एकालाही नाही" हे वाक्य लिहिता आले, ते कोणीतरी घरोघर जाऊन विचारले होते म्हणून.

आता कागद कसा प्रवास करतो ते पाहू. सर्वांत खाली उपकेंद्र असते. सपाट प्रदेशात पाच हजार लोकसंख्येमागे एक, आदिवासी व डोंगराळ भागात तीन हजारांमागे एक, असा निकष आहे. तिथली आरोग्य सेविका किंवा आरोग्य सेवक, आशाताईंच्या मदतीने, आठवड्याचा एस फॉर्म भरतात. सोमवार ते रविवार असा हा आठवडा. या फॉर्मची मला आवडलेली गोष्ट ही की त्यात रोगाचे नाव लिहायचे नसते, फक्त लक्षण लिहायचे असते. ताप सात दिवसांच्या आतला की जास्त दिवसांचा. तापाबरोबर पुरळ आहे का, रक्तस्राव आहे का, शुद्ध हरपली आहे का. खोकला तीन आठवड्यांच्या आतला की वरचा. पातळ जुलाब, शोष पडलेला किंवा न पडलेला, जुलाबात रक्त. कावीळ. पंधरा वर्षांखालील मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडणे. आणि शेवटी, ज्याने माणूस दगावला किंवा दवाखान्यात दाखल करावा लागला असे काही वेगळेच लक्षण. म्हणजे ज्यांना रोगाचे नाव ठाऊक नाही त्यांनाही ही नोंद करता येते. डोळे उघडे हवेत, एवढेच.

प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर रुग्ण तपासून त्यांचा अंदाज पी फॉर्मवर लिहितात. प्रयोगशाळेत जे सिद्ध होते ते एल फॉर्मवर जाते. तिन्ही जिल्ह्याच्या सर्वेक्षण कक्षात, तिथून राज्याच्या पुण्यातल्या कक्षात आणि पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात पोचतात. याशिवाय प्रत्येक आरोग्य संस्था दर महिन्याला बाळंतपणे, लसीकरण, बाह्यरुग्ण, मृत्यू यांचा वेगळा अहवाल देते. ती एचएमआयएस पद्धत 2008 पासून चालू आहे. क्षयाची व्यवस्था वेगळी, हिवतापाची वेगळी. आमच्या ओळखीच्या एका सिस्टर म्हणतात, "ताई, पेशंट एक आणि रजिस्टरं सतरा." सतरा हा अतिशयोक्तीचा आकडा असावा असे मला वाटले होते. एकदा त्यांच्या कपाटातली रजिस्टरे मोजली तर चौदा भरली.

एप्रिल 2021 पासून ही साप्ताहिक नोंद देशभर संगणकावर आणि मोबाइलवर आली. पूर्वी अठरा आजारांची माहिती मिळत होती, आता तेहतीस. पूर्वी नुसता आकडा जात होता, आता एकेका रुग्णाची गावासह नोंद होते, त्यामुळे नकाशावर ठिपके उमटतात. चांगली गोष्ट आहे. पण सातपुड्यात ठिपका उमटण्याआधी सिस्टरला नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागते, हेही तुम्हाला माहीत असावे.

एवढा कागद कशासाठी? मला आधी वाटायचे, औषधे किती लागतील ते कळावे म्हणून. तो उपयोग आहेच. खरा उपयोग मात्र नेहमीपेक्षा वेगळे काय घडते आहे ते लवकर दिसावे हा. जिल्ह्यात पावसाळ्याच्या एका आठवड्यात शेकडो लोकांना जुलाब होत असतात. त्यांत दहा जण मिसळले तर कोणाला कळणार? पण तेच दहा एकाच पाड्याचे, एकाच झऱ्याचे पाणी पिणारे असतील, तर ती साथ असते. म्हणून काही खुणा ठरवून दिलेल्या आहेत. पाच वर्षांहून मोठ्या माणसाला जुलाबाने तीव्र शोष पडला किंवा मृत्यू आला, तर असा एकच रुग्ण धोक्याची घंटा समजायचा. लहान मुलांना जुलाब अनेक कारणांनी होतात. मोठे माणूस काही तासांत आडवे झाले तर पटकीचा संशय घ्यायचा असतो. हजार वस्तीच्या गावात दहाहून अधिक घरांत जुलाबाचा रुग्ण असेल तरी तेच.

हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तिका मिटून ठेवली. झोळीतून आलेले ते आजोबा म्हणजे ती घंटा होती. त्या गुरुवारी संध्याकाळी फोन गेला असता तर पथक शुक्रवारी किंवा शनिवारी झऱ्यावर पोचले असते. मुलगी मंगळवारी गेली. पथक आले असते तर ती वाचलीच असती, असे मी म्हणत नाही. पण ती ज्या पाण्यावर होती त्यात तीन दिवस आधी पावडर पडली असती.

आणि सिस्टरने लिहिलेल्या त्या दोन शून्यांचे काय? ती खोटी होती का? मी नंतर त्यांना भेटले. त्यांच्याकडे त्या वेळी दोन उपकेंद्रांचा भार होता. त्या पाड्याची आशाताई बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. पाड्यावर जाणे झाले नव्हते आणि कोणी सांगायला आले नव्हते, म्हणून त्यांनी शून्य लिहिले. "जाता आले नाही" असा रकाना त्यांना कुठे सापडला नाही. रकाना कोरा ठेवला असता तर वरून विचारणा झाली असती, अहवाल अपूर्ण का म्हणून. शून्य लिहिले, कोणी काही विचारले नाही.

पाहिले आणि आढळले नाही, ते शून्य. पाहिलेच नाही, ती कोरी जागा. कागदावर दोन्ही सारखीच दिसू शकतात. या फरकाकडे सर्वांत काटेकोरपणे पाहिले ते पोलिओच्या कामात. 1997 पासून देशात पोलिओ सर्वेक्षणाची स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. नियम असा की पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाचा हातपाय अचानक लुळा पडला तर लगेच कळवायचे आणि चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने, शौचाचे दोन नमुने थंड डब्यातून प्रयोगशाळेत पाठवायचे. रुग्ण नसेल तर दर आठवड्याला "शून्य" असा अहवाल द्यायचा, तो चुकवायचा नाही. खासगी डॉक्टर कळवणाऱ्यांच्या यादीत होते, तसेच गावठी उपचार करणारेही, कारण आई मुलाला घेऊन आधी त्यांच्याकडेच जाते.

यातली खरी हुशारी पुढे आहे. पोलिओ अजिबात नसला तरी इतर कारणांनी काही मुलांचे हातपाय लुळे पडतातच. दर लाख मुलांमागे वर्षाला निदान एक तरी. भारताने स्वतःसाठी तो निकष दोनवर नेला. म्हणून एखाद्या जिल्ह्यातून वर्षभर एकही लुळेपणाचा रुग्ण कळवला गेला नाही, तर त्या जिल्ह्याची पाठ थोपटली जात नव्हती. तिथे कोणी शोधतच नाही असे समजून पथक पाठवले जाई. 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यातल्या एका लहान मुलीला झालेला पोलिओ देशातला शेवटचा ठरला, आणि 27 मार्च 2014 रोजी आपला देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. त्या प्रमाणपत्रामागे लसीचे थेंब होते तसेच ही हजारो खरी शून्येही होती.

ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासक्रमात लेवीयचा तेरावा अध्याय आम्ही घाईने उरकला होता, हे कबूल करते. कातडीवरचे डाग, पांढरे केस, पुन्हा पुन्हा तेच. आता तो वाचताना मला त्यात आरोग्य सेविका दिसते. याजक डाग स्वतः पाहतो, खात्री नसेल तर माणसाला सात दिवस वेगळे ठेवतो, सातव्या दिवशी पुन्हा पाहतो, मगच सांगतो. वेगळे ठेवलेल्यांच्या वाट्याला त्या काळी काय यातना आल्या असतील, तो विषय मोठा आहे. पण ऐकीव माहितीवर निकाल द्यायचा नाही आणि एकदा पाहून थांबायचे नाही, ही शिस्त तिथे आहे. इंग्लंडमध्ये लंडनच्या चर्चचे कारकून दर आठवड्याला मृत्यूंच्या याद्या कारणांसह काढत असत. प्लेग वाढतो आहे की ओसरतो आहे हे लोक त्यांवरून पाहत. जॉन ग्राँट नावाच्या एका कापड व्यापाऱ्याने त्याच याद्या घेऊन बसून 1662 मध्ये पुस्तक लिहिले. मृत्यूंच्या आकडेवारीच्या शास्त्राची सुरुवात तिथून धरतात. तेव्हा मंडळीच्या नोंदवहीचे हे काम आपल्याला नवे नाही, आपण ते विसरलो आहोत.

आपल्या राज्यातले उदाहरण जवळचे आहे. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आणि इतर संस्थांनी मिळून गावोगाव बालमृत्यू प्रत्यक्ष मोजले आणि 2001 मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल प्रसिद्ध केला. सरकारी नोंदीत दिसत होती त्याहून कितीतरी जास्त मुले मरत होती. तो अहवाल आला म्हणून मुले जास्त मेली नाहीत. ती आधीही मरतच होती. कोणी लिहीत नव्हते. पण वर्तमानपत्रांत आणि विधिमंडळात गदारोळ झाला, कारण आकडा वाढलेला दिसला.

इथे मला तुमच्याशी, म्हणजे आम्हाला देणगी देणाऱ्यांशी, स्पष्ट बोलायचे आहे. सरकारी सेविकेचा आकडा वाढला की तिला नोटीस मिळण्याची भीती असते. आमचा आकडा वाढला की तुमच्याकडून अभिनंदनाचा फोन येतो. त्यामुळे तिला कमी लिहिण्याचा मोह होतो आणि आम्हाला जास्त. दोघींच्याही रजिस्टरात एकच पाडा असतो! मागील अंकात छापलेल्या तक्त्यात जुलाबाच्या रुग्णांचा आकडा मोठा होता. तो आमच्या कामाचा पुरावा म्हणून छापला, पण खरे म्हणजे इतक्या पाड्यांचे पाणी खराब आहे याचा तो पुरावा होता. यापुढे तक्त्यात आणखी एक ओळ असावी असे मी समितीला सुचवले आहे: यांपैकी किती प्रसंग प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवले आणि किती दिवसांत.

आम्ही आता काय करतो ते थोडक्यात सांगते. गुरुवारी दवाखाना संपला की नर्सबाई एका कागदावर एस फॉर्ममधल्या लक्षणांप्रमाणे पाडानिहाय संख्या लिहितात आणि तो कागद प्राथमिक आरोग्य केंद्राला जातो. काही गोष्टींसाठी गुरुवार संपण्याची वाट पाहत नाही, लगेच फोन करतो: मोठ्या माणसाला शोष पडणारे जुलाब, एका पाड्यातून एकाच लक्षणाचे दोन-तीन जण, तापासोबत अंगावर पुरळ आलेले मूल, लुळा पडलेला हातपाय, आणि कारण न कळलेला कोणताही मृत्यू. फोन उचलला गेला नाही तर तालुक्याला करतो. आमचा फोन म्हणजे तक्रार नव्हे, हे तिकडच्या लोकांना पटायला वर्ष गेले. आता त्याच सिस्टर आम्हाला उलट फोन करून विचारतात, अमक्या पाड्याचे कोणी आले होते का.

दिवाळीनंतर निम्मे पाडे रिकामे होतात. माणसे ऊसतोडीला आणि बांधकामाला गुजरातेत जातात आणि काठीच्या होळीला परततात. कारखान्यावर आजारी पडलेल्यांची नोंद तिथे परके म्हणून होत नाही आणि इथे गैरहजर म्हणून होत नाही. होळीनंतरच्या आठवड्यांत तापाच्या प्रत्येक रुग्णाचे रक्त तपासायला पाठवण्याचा आग्रह आम्ही त्यासाठीच धरतो. गोळी देऊन घरी पाठवणे सोपे असते.

पाळकबंधूंना एक विनंती. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करायची असा 1969 चा कायदा आहे, आणि गावात ती ग्रामपंचायतीत होते. डोंगरात ती किती होते हे तुम्ही जाणता. दफनविधीसाठी मात्र तुम्हाला पहिल्याच दिवशी बोलावणे येते. तुमच्या दफनाच्या नोंदवहीत नाव, वय, गाव, तारीख असतेच. त्यात एक रकाना वाढवा: शेवटचा आजार कसला होता आणि किती दिवसांचा. एका महिन्यात एकाच वस्तीत दोन-तीन दफने झाली तर आरोग्य केंद्राला कळवा. ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांच्या घरच्या मृत्यूंचेही कानावर येते, तेही सांगा. झरा सर्वांचा एकच आहे.

पण एक जपावे लागेल. कळवणे म्हणजे गावभर सांगणे नव्हे. आपल्याकडे प्रार्थना-विनंतीच्या वेळी अमक्या बहिणीला टीबी आहे असे नावासकट मोठ्याने सांगितले जाते. हेतू प्रेमाचा असतो, पण पुढच्या रविवारी ती बहीण येत नाही. नाव डॉक्टरांना आणि सिस्टरना द्यावे. प्रार्थनेत नुसती "एक बहीण" म्हटले तरी प्रभूला कळते.

त्या पाड्यावर मी अजून जाते. झऱ्यावर आता सिमेंटचे कडे आणि झाकण आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पावडर टाकतो, ओटी टेस्ट करून वहीत लिहितो. पावसाळ्यापूर्वीच्या पाहणीत त्या स्रोताला पूर्वी लाल कार्ड होते, गेल्या खेपेला पिवळे मिळाले. त्या मुलीची आई मला पाणी देते, बसायला घोंगडी टाकते. रजिस्टरातल्या तारखेबद्दल मी तिला सांगितले आहे. ती काही बोलली नाही.

गेल्या पावसाळ्यात आमचे तीन गुरुवार बुडाले, दोन पुरामुळे आणि एक जीप बंद पडल्यामुळे. त्या तीन आठवड्यांच्या कागदावर नर्सबाईंनी सवयीने शून्ये लिहिली होती. आम्ही ती खोडून त्या जागी "दवाखाना भरला नाही, माहिती नाही" असे लिहिले, तारखा घातल्या आणि तसाच कागद आरोग्य केंद्राला पाठवला.